फिशमीलऐवजी माशांच्या खाद्यात काय टाकता येतं? अळ्या, सोया, अझोला की अजून काही?

तळ्याकाठी:

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसतं वाचत होतो, आज विचारूनच टाकतो. माझ्याकडे तिलापिया आहे, मातीचं तळं, एअरेटर लावलेला, सध्या ३० टक्के प्रोटीनचं तयार तरंगतं खाद्य देतोय. हिशोब मांडला की निम्म्याहून जास्त खर्च नुसता खाद्याचाच निघतो आणि खाद्यात सगळ्यात महाग काय तर फिशमील (वाळवून दळलेल्या मासळीची पूड) असं जो तो सांगतो, म्हणून स्वतःच पेलेट (खाद्याच्या गोळ्या) बनवावं का असा विचार चाललाय.

पण वाचावं तेवढा गोंधळ वाढतोय. एकजण म्हणतो ब्लॅक सोल्जर फ्लायच्या अळ्या वाळवून दळा, ५० टक्के प्रोटीन, दुसरं काही बघायचीच गरज नाही. दुसरा म्हणतो अझोला (पाण्यावर तरंगणारी छोटी वनस्पती) लावा, फुकटचं प्रोटीन. तिसरा म्हणतो सोयाबीन पेंड ४६-४८ टक्के आहे मग बाकीच्या भानगडीत पडताच कशाला. माझा साधा प्रश्न असा की फिशमीलमध्ये ६० टक्के प्रोटीन आहे आणि पेंडीत ४८, तर पेंड थोडी जास्त टाकून आकडा जुळवला की काम झालं का? आणि नसेल झालं तर नक्की कुठे अडतं ते कुणीतरी नीट समजावून सांगा. ज्यांनी स्वतः केलंय त्यांनी आवर्जून लिहा.

खाद्यमिश्रण:

चांगला प्रश्न विचारलात दादा, कारण बहुतेक लोक इथेच फसतात. आकडा जुळला म्हणजे खाद्य जुळलं असं अजिबात नाही. माशाला प्रोटीन असं काही लागत नाही, त्याला लागतात त्यातली अमिनो आम्लं, आणि तीसुद्धा पचून अंगाला लागणारी. दहा अमिनो आम्लं अशी आहेत जी मासा स्वतः बनवू शकत नाही. त्यातलं एक जरी कमी पडलं की वाढ तिथेच अडकते, बाकीची कितीही असू द्या. उरलेलं प्रोटीन मग तो जाळून टाकतो आणि त्यातला नायट्रोजन अमोनिया होऊन तुमच्याच पाण्यात येतो. म्हणजे पैसे पण गेले आणि पाणी पण बिघडलं.

तुमचंच उदाहरण घेऊ. १०० किलो खाद्यात ३० किलो प्रोटीन सगळंच्या सगळं सोयाबीन पेंडीतून आणायचं म्हटलं तर साधारण ६२ किलो पेंड लागेल. त्यातून लायसिन (त्या दहातलंच एक) मिळेल पावणेदोन किलोच्या वर, तिलापियाची गरज साधारण १.६ किलो, म्हणजे लायसिनचं भागलं. पण मेथिओनिन (तेही त्यातलंच) मिळेल जेमतेम ४०० ग्रॅम आणि गरज आहे ७०० ग्रॅमच्या आसपास. सिस्टिन या दुसऱ्या अमिनो आम्लामुळे थोडी भरपाई होते पण पूर्ण नाही. इथे अडतं तुमचं. आता मक्याचं ग्लूटेन मील घ्या, त्यात प्रोटीन ६० टक्के, मेथिओनिन भरपूर पण लायसिन फारच कमी. म्हणजे एकाची उणीव दुसऱ्यात भरून निघते. दोन्ही मिसळून वरून थोडं कृत्रिम मेथिओनिन टाकलं की गाडी रुळावर येते. म्हणून "फिशमीलला पर्याय कोणता" हा प्रश्नच मला पटत नाही, एक पर्याय असा नाहीचे, दोन-तीन गोष्टींची जोडी लावावी लागते.

तिलापियाच्या बाबतीत एक चांगली गोष्ट म्हणजे तो मिश्राहारी आहे. मोठ्या माशांच्या खाद्यात फिशमील अगदी थोडं किंवा शून्यसुद्धा ठेवून वाढ चांगली मिळते, मिश्रण नीट असेल तर. पण हे पिल्लांना लागू करू नका. बोटुकली (बोटाएवढी) होईपर्यंत त्यांना ४० टक्क्यांच्या आसपास प्रोटीन लागतं, पोट लहान, वाढ झपाट्याची, तिथे फिशमीलवर हात आखडता घेऊ नका. तसंही पिल्लं खातात किती, एकूण खर्चात ते खाद्य फार नसतं.

आणि हे होत नाही असं म्हणणाऱ्यांना मी नेहमी नॉर्वेच्या सॅमनचं सांगतो. सॅमन तर पक्का मांसाहारी. १९९० मध्ये तिथल्या सॅमनच्या खाद्यात जवळपास ९० टक्के माल समुद्रातला होता, फिशमील आणि मासळीचं तेल धरून. २०२० मध्ये तो २२-२३ टक्क्यांवर आला, बाकी बहुतेक सगळं वनस्पतींचं. पण त्यासाठी ३० वर्षं लागली आणि मध्ये बरंच काही शिकावं लागलं. साधी सोयाबीन पेंड जास्त दिली की सॅमनच्या आतड्याच्या मागच्या भागाला सूज येते, त्यात सॅपोनिन या सोयातल्या घटकाचा मोठा हात असतो, म्हणून मग ते सोया प्रोटीन कॉन्सन्ट्रेटवर गेले, त्यात सॅपोनिन बऱ्यापैकी धुऊन निघालेलं असतं. तिलापियाला एवढा त्रास होत नाही.

अजून एक, फॉस्फरस विसरू नका. वनस्पतींमधला साधारण दोन तृतीयांश फॉस्फरस फायटेट नावाच्या संयुगात अडकलेला असतो आणि माशाकडे तो सोडवणारं एन्झाइम जवळपास नसतंच. तो तसाच विष्ठेतून पाण्यात जातो आणि तळं हिरवंगार होतं. ते एन्झाइम, फायटेज, मिसळता येतं पण ते उष्णतेने मरतं, म्हणून पेलेट झाल्यावर वरून फवारतात. नाहीतर डायकॅल्शियम किंवा मोनोकॅल्शियम फॉस्फेट घालायचं. कार्प पाळणाऱ्यांनी मोनोच बघावं, कारण कार्पला जठरच नसतं, आम्ल नाही, त्यामुळे हाडातला किंवा डायकॅल्शियममधला फॉस्फरस त्याला नीट विरघळवता येत नाही.

अळीवाली:

वरचं सगळं बरोबर आहे. मी अळ्यांबद्दल सांगते कारण माझं रोजचं काम तेच आहे, आणि अळ्यांबद्दल जे अवास्तव बोललं जातं त्याने आमचंच नुकसान होतं असं मला मनापासून वाटतं.

"५० टक्के प्रोटीन" हा आकडा कोणत्या अळीचा ते आधी विचारा. वाळवून तशीच दळलेली अळी असेल तर साधारण ४० टक्के प्रोटीन आणि ३० टक्क्यांच्या आसपास चरबी. ५० च्या वर जायचं तर चरबी दाबून काढावी लागते. आणि हा जो प्रोटीनचा आकडा असतो ना तो लॅबमध्ये नायट्रोजन मोजून त्याला ६.२५ ने गुणून काढतात. अळीच्या कातडीत कायटिन असतं, त्यातही नायट्रोजन आहे पण ते प्रोटीन नाही. अख्ख्या अळीसाठी ४.७६ ने गुणा असं संशोधक सांगतात. म्हणजे रिपोर्टमध्ये ४५ लिहिलं असेल तर खरं प्रोटीन ३४ च्या आसपास. मिश्रण करताना हे धरलं नाही तर खाद्य कागदावर ३० टक्क्यांचं आणि प्रत्यक्षात २६-२७ चं होतं, मग लोक म्हणतात अळीने मासा वाढत नाही.

चरबीचं पण बघा. हिच्या चरबीत जवळपास निम्मं लॉरिक आम्ल असतं, खोबरेल तेलासारखं, ऊर्जेला उत्तम. पण डीएचए, ईपीए (मासळीच्या तेलातली ओमेगा-३ आम्लं) नगण्य. गोड्या पाण्यातल्या तिलापियाला त्याने फारसं अडत नाही, तो वनस्पतीतल्या ओमेगा आम्लांवर भागवून नेतो. समुद्री माशांना मात्र तेल वेगळं द्यावंच लागतं.

आता घरी वाढवायचं असेल तर. अळी जे खाते तेच बनते, म्हणून प्रत्येक खेपेचं प्रोटीन वेगळं येतं, चरबी तर फारच वरखाली होते. २७ ते ३० डिग्रीला छान वाढते, थंडीत मंदावते. अंड्यातून साधारण चार दिवसांत बाहेर येते, दोन-तीन आठवड्यांत काढणीला येते. काढायची ती पांढरट-पिवळसर असताना. काळी पडायला लागली म्हणजे प्रीप्यूपा (कोष होण्याआधीची अवस्था) झाली, कातडी जाड, कायटिन जास्त, पचायला जड. बरेच जण प्रीप्यूपाच गोळा करतात कारण ती आपोआप चढून भांड्यात येऊन पडते, कष्ट वाचतात, पण खाद्यासाठी ती तितकी चांगली नाही. काढल्यावर आधी पाण्यात उकळून घ्या मगच वाळवा. नुसती उन्हात टाकली तर मरता मरता काळी पडते, एन्झाइम चालूच राहतात आणि चरबी खवट होते. दोन बोटांत चुरडून बघा, कडकडीत तुटली पाहिजे. मऊ लागली म्हणजे आत पाणी आहे आणि पोत्यात बुरशी ठरलेली. वास घ्या, जुन्या तेलाचा वास आला तर माशांना देऊ नका.

आणि काय खायला घालताय ते जपून. अळी कॅडमियम साठवते. युरोपात १ जुलै २०१७ पासून कीटकांचं प्रोटीन माशांच्या खाद्यात चालतं, सात जातींना परवानगी मिळाली होती त्यात ही पण होती, पण स्वयंपाकघरातलं खरकटं किंवा शेण खाऊन वाढलेली अळी तिथे चालत नाही. मला हा नियम बरोबरच वाटतो. फुकट कचऱ्यावर वाढवायची म्हणून तर लोक याच्यात येतात हे मला माहितीये, तरी सांगते, भाजी-फळांचा स्वच्छ टाकाऊ माल, दारू-बिअर कारखान्याचा चोथा, कोंडा यावर रहा.

तिलापियाच्या खाद्यात थोडी घालून सुरुवात करा, फिशमीलचा एक हिस्सा बदलायला ती चांगलीच आहे आणि मासे आवडीने खातात. सगळं फिशमील काढून फक्त अळी असं मी तरी कुणाला सांगणार नाही.

हिरवंपाणी:

अझोल्याचं मी थोडक्यात सांगतो. २५ टक्के प्रोटीन असतं हे खरं, पण वाळलेल्या अझोल्यात. ताज्यात ९३-९५ टक्के पाणीच असतं. १०० किलो ताजा अझोला म्हणजे ५ ते ७ किलो कोरडा, त्यात प्रोटीन दीड किलोच्या आसपास. आता तुमचं तळं रोज किती खाद्य खातं त्याच्याशी ताडून बघा, किती अझोला काढावा लागेल. शिवाय तंतू आणि राख दोन्ही जास्त. गवत्या (ग्रास कार्प), तिलापिया आवडीने खातात, नेहमीच्या खाद्याला जोड म्हणून टाकायला झकास आहे, पण तयार खाद्याची जागा तो घेणार नाही. डकवीड (तशीच तरंगणारी दुसरी वनस्पती) त्यापेक्षा बरं, सुपीक पाण्यात ३५ टक्क्यांच्या वर जातं, पण पाण्याचं गणित तेच.

तळ्याकाठी:

खूप खूप धन्यवाद सगळ्यांना, मेथिओनिनचा हिशोब वाचून डोक्यात प्रकाश पडला. अळीवाली ताई, तुम्ही ४.७६ चं सांगितलंत ते कुणीच सांगत नाही.

अजून दोन गोष्टी. एक म्हणजे कत्तलखान्याचा माल, म्हणजे कोंबडीचं बायप्रॉडक्ट मील, रक्ताचं मील, पिसांचं मील, हे कसं? पिसांच्या मीलमध्ये ८० टक्के प्रोटीन दाखवतात म्हणून विचारतोय. आणि दुसरं, सोयाबीन अख्खं मिळालं तर घरी दळून टाकलं तर चालेल का? आणि कच्च्या मालात भेसळ आहे का हे आपल्यासारख्याने ओळखायचं कसं?

नायट्रोजन:

फीड तपासायच्या लॅबमध्ये काम करतो म्हणून शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण सगळ्यात जास्त फसवणूक तिथेच होते.

ताईंनी ६.२५ चं सांगितलंच. प्रोटीनमध्ये साधारण १६ टक्के नायट्रोजन असतो, १०० भागिले १६ म्हणजे ६.२५, एवढंच त्याच्यामागचं कारण. म्हणजे यंत्र प्रोटीन मोजतच नाही, नायट्रोजन मोजतं. युरियात ४६ टक्के नायट्रोजन, गुणिले ६.२५ केलं की २८७ टक्के "प्रोटीन". १०० किलो फिशमीलमध्ये फक्त एक किलो युरिया मिसळला तर रिपोर्टमध्ये प्रोटीन दोन-सव्वादोन टक्क्यांनी वाढलेलं दिसतं आणि माशाला त्याचा शून्य उपयोग. २००७ मध्ये उत्तर अमेरिकेत कुत्र्या-मांजरांच्या खाद्यात मेलामाइन सापडलं होतं ते याच कारणाने, त्यात तर ६६ टक्के नायट्रोजन असतो, गव्हाचं ग्लूटेन म्हणून विकलेल्या मालात मिसळलेलं होतं आणि बरीच जनावरं किडन्या निकामी होऊन मेली. म्हणून कच्चा माल घेताना नुसतं क्रूड प्रोटीन बघू नका. युरियाची टेस्ट, पेप्सिन पचनीयता (पेप्सिन या पाचक एन्झाइमने किती प्रोटीन पचतं ते), राख आणि वाळू हे सोबत मागा. फिशमीलमध्ये वाळू आणि मीठ ही नेहमीची भेसळ. काचेच्या ग्लासात पाणी घेऊन चमचाभर माल ढवळा आणि स्थिर होऊ द्या, वाळू लगेच तळाशी चमकताना दिसते. एवढं तर कुणालाही जमतं.

पिसांचं मील. ८० टक्के बरोबर आहे, पण ते केराटिन आहे, गंधकाच्या बंधांनी घट्ट विणलेलं. दाबाखाली वाफेवर शिजवून तोडलेलं नसेल तर मासा ते खातो आणि तसंच बाहेर टाकतो. म्हणून हायड्रोलाइज्ड (असं तोडलेलं) आहे का विचारा आणि पेप्सिन पचनीयता बघा. रक्ताच्या मीलमध्ये लायसिन भरपूर पण आयसोल्युसिन फार कमी, मेथिओनिनही कमी, त्यामुळे थोडंच. कोंबडीचं बायप्रॉडक्ट मील मात्र खरोखर चांगलं आहे, ६० च्या आसपास प्रोटीन, अमिनो आम्लांचा समतोल फिशमीलच्या जवळ जाणारा, फक्त ताजं आणि नीट शिजवलेलं हवं. माझ्या मते किमतीच्या मानाने सगळ्यात कमी चर्चा होणारा माल हाच. कच्चा कत्तलखान्याचा माल तळ्यात टाकू नका, रोग आणि सडलेलं पाणी दोन्ही घरी आणाल.

अख्खं सोयाबीन कच्चं दळून अजिबात नको. त्यात ट्रिप्सिन इनहिबिटर असतो, माशाचं प्रोटीन पचवणारं एन्झाइमच तो अडवतो. तुमच्या पेलेट मशीनची गरमी त्याला पुरत नाही. आधी नीट भाजून किंवा वाफवून घ्यायचं. झालं की नाही हे बघायला युरिएजची टेस्ट असते, युरिया आणि फिनॉल रेडचं द्रावण पिठावर टाकायचं, पाच मिनिटांत लाल ठिपके भराभर पसरले म्हणजे अजून कच्चं आहे. एखाददुसरा ठिपका चालतो. पण म्हणून करपेपर्यंतही भाजू नका, जास्त उष्णतेने लायसिन साखरेशी बांधलं जातं आणि पचत नाही, रिपोर्टमध्ये प्रोटीन तेवढंच दिसतं तरी! त्यासाठी केओएच सोल्युबिलिटी (पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात किती प्रोटीन विरघळतं ते) बघतात, ७० टक्क्यांच्या खाली म्हणजे जास्त भाजलंय.

शेंगदाणा पेंड आणि सरकी पेंड स्वस्त मिळते म्हणून घेणाऱ्यांसाठी, अफ्लाटॉक्सिन (बुरशीचं विष) तपासल्याशिवाय नको. १९६० च्या सुमारास अमेरिकेतल्या हॅचऱ्यांमध्ये ट्राउटना यकृताचा कॅन्सर झाला होता आणि शोधता शोधता तो खाद्यातल्या सरकी पेंडीतल्या अफ्लाटॉक्सिनपर्यंत पोचला. तिलापिया ट्राउटइतका नाजूक नाही, पण बुरशीचा माल देऊन बघायची गोष्ट नाही. सरकीत गॉसिपॉल नावाचा विषारी घटक असतो तो वेगळाच, ते लायसिनही बांधून टाकतं.

दर्याचा:

सगळे फिशमील घालवायच्या मागे लागलेत, थोडी दुसरी बाजू. फिशमील वाईट नाही, ते तुटपुंजं आहे. जगातल्या फिशमीलचा मोठा भाग पेरूच्या किनाऱ्यावरच्या अँचोव्हेटा या छोट्या माशावर उभा आहे, आणि एल निनो आला, समुद्र तापला की तो मासा खोल जातो, विखुरतो. २०२३ मध्ये पेरूने पहिला हंगाम रद्दच केला आणि जगभर फिशमील कडाडलं. दुसरीकडे मत्स्यपालन वाढतच चाललंय, एफएओच्या (संयुक्त राष्ट्रांची अन्न व शेती संघटना) आकड्यांप्रमाणे २०२२ मध्ये पाळलेल्या जलचरांचं उत्पादन पहिल्यांदाच पकडलेल्यांच्या पुढे गेलं, ५१ टक्के. समुद्र काही तेवढा वाढणार नाही.

पण आज साधारण एक तृतीयांश फिशमील हे मासे साफ करताना उरणाऱ्या डोकी, काटे, आतडी यांच्यापासून बनतं. ते वापरण्यात काहीच गैर नाही, उलट फेकलं तर वाया. आणि सोयाबीनसाठी जंगल तोडून शेतं केली जातात त्याचं काय? म्हणून "वनस्पती म्हणजे पर्यावरणाला चांगलं" असं सरसकट बोलू नये असं मला वाटतं.

मला जास्त आशा वाटते ती जिवाणूंच्या प्रोटीनची. मिथेनवर वाढणारा मिथायलोकॉकस नावाचा जिवाणू आहे, वाळवल्यावर ७० टक्के प्रोटीन, ना जमीन लागते ना पाऊस. चीनने २०२१ मध्ये कारखान्याच्या कार्बन मोनॉक्साइडवर वाढवलेल्या क्लॉस्ट्रिडियमच्या प्रोटीनला खाद्यात परवानगी दिली. जिवाणूंमध्ये न्यूक्लिक आम्लं जास्त असतात, माणसाने खाल्लं तर युरिक आम्ल वाढेल, पण माशांच्या यकृतात ते मोडणारं युरिकेज हे एन्झाइम असतं, त्यांना ते झेपतं. म्हणजे हे प्रोटीन जणू माशांसाठीच आहे. आज लहान तळेवाल्याच्या हातात हे नाही, पण बिअरचं यीस्ट आहे, त्यात ४०-४५ टक्के प्रोटीन, आणि त्याच्या पेशीभित्तिकेतल्या ग्लुकानमुळे माशाच्या प्रतिकारशक्तीलाही मदत होते. मिळत असेल तर वाळवून थोडं जरूर घाला.

तळ्याकाठी:

मग आता मी असं ठरवतोय, सोयाबीन पेंड मुख्य, सोबत मक्याचं ग्लूटेन, कोंबडीचं बायप्रॉडक्ट मील, थोडी अळी, मेथिओनिन आणि मोनोकॅल्शियम फॉस्फेट. फिशमील अगदी थोडं ठेवतो. पण हे खाद्य आधीच्यापेक्षा बरं की वाईट ते कसं ठरवायचं? आणि एकदम बदललं तर चालेल ना?

खाद्यमिश्रण:

जोडी चांगली लावलीत. बायप्रॉडक्ट मील आहे म्हणजे चवीचाही प्रश्न बराच सुटेल, कारण नुसत्या पेंडीच्या खाद्याला मासे सुरुवातीला तोंड फिरवतात. व्हिटॅमिन-मिनरल प्रीमिक्स तुमच्या यादीत नाही ते आधी घाला, विशेषतः व्हिटॅमिन सी, आणि तेही उष्णतेत टिकणारं घ्या, साधं पेलेट करतानाच उडून जातं. दळण बारीक हवं, भरड राहिलं तर पेलेट पाण्यात लगेच फुटतं आणि पचतही कमी. तुमचं मशीन साधं असेल तर पेलेट बुडणारं येईल, तेव्हा ट्रेमध्ये द्या म्हणजे उरलेलं दिसतं.

एकदम बदलू नका. जुन्यात नवं मिसळत हळूहळू वाढवत न्या, आठवडा-दहा दिवस जाऊ द्या. शक्य असेल तर तळ्यात दोन हापे (जाळीचे पिंजरे) लावा, एकाच वजनाचे मासे मोजून दोन्हीत सारखे सोडा, एकात जुनं खाद्य एकात नवं. एकाच तळ्यात असल्याने पाणी, ऊन, ऑक्सिजन सगळं सारखं, मग जो फरक दिसेल तो खाद्याचाच. वजन करण्याआधी एक दिवस उपाशी ठेवा, नाहीतर पोटातलं खाद्यच वजनात धराल.

आणि खाद्याचा भाव बघू नका, एक किलो मासा वाढवायला किती खर्च आला ते बघा, म्हणजे एफसीआर (एक किलो मासा वाढायला किती किलो खाद्य लागलं ते) गुणिले खाद्याचा भाव. समजा जुन्या खाद्याचा एफसीआर १.४ आहे आणि नवं खाद्य २० टक्के स्वस्त पडलं पण एफसीआर १.८ आला. १.८ गुणिले ०.८ म्हणजे १.४४. स्वस्त खाद्य महाग पडलं, वर दिवसही जास्त लागले आणि पाण्यात घाणही जास्त गेली. तुमच्या नव्या खाद्याला २० टक्के स्वस्ताईत एफसीआर १.७५ च्या आत ठेवावा लागेल तरच बरोबरी होते. हाप्यातले आकडे आले की इथे टाका, मिश्रणाच्या टक्केवारीसकट, मग कुठे काय कमी-जास्त करायचं ते बघू.